झुंबरबाईंची दिल्ह्याची कपाटं

झुंबरबाईंनी उमेदीची सगळी वर्षं सरकारच्या स्वयंपाकघरात काढली. त्या सरकारकडे स्वयंपाकाला होत्या असं मात्र कुणी समजू नये. नवरा सुकदेव दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर, म्हणून राहायला कॉलनीतलं क्वार्टर. तिथली भिंत सरकारी, ओटा सरकारी, ओट्यावरच्या कडप्प्याच्या उघड्या फळ्याही सरकारीच. खिळा ठोकायचा तर परवानगी लागे, आणि परवानगी मागितली की ती मिळत नसे. सगळी घरं एकाच साच्यातली. झुंबरबाई शेजारणीकडे डोळे मिटून गेल्या असत्या तरी मिठाची बरणी अचूक हाती लागली असती, कारण मीठ ठेवायला सगळ्यांना तो एकच कोपरा होता.

त्यात राख. केंद्राच्या धुराड्यातून बारीक राख उडे आणि वारा फिरला की कॉलनीवर उतरे. सकाळी पुसलेल्या डब्यावर दुपारी बोटानं नाव लिहावं अशी परिस्थिती. झुंबरबाई डबे पुसत, पुन्हा पुसत, आणि दर वेळी त्यांच्या मनात येई की या फळ्यांना दारं पाहिजे होती. हे दुःख चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. फळ्यांना दारं नाहीत म्हणून मी कष्टी आहे, असं म्हटलं तर ऐकणारा हसणारच. पण जे रोज पुसावं लागतं त्याचाच माणसाला वीट येतो, आणि झुंबरबाईंना तो पुरेपूर आला होता.

दारं कशी असावीत, हे त्यांना एका संक्रांतीला कळलं. मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. साहेबांच्या बाई बडोद्याकडच्या, हौशी. त्यांनी बायकांना थेट स्वयंपाकघरापर्यंत नेलं. तिथे भिंतभर सागवानी कपाटं होती. प्रत्येक दाराला चारी बाजूंनी चौकट आणि चौकटीच्या पोटात एक जाड फळी, कडांना उतरती आणि मध्ये वर आलेली. सुतारलोक या फळीला दिल्हा म्हणतात. बाकीच्या बायका फ्रिज उघडून आतला गारवा अनुभवत होत्या. झुंबरबाईंनी मात्र एका दिल्ह्याच्या उतारावरून अंगठा फिरवला आणि त्या तिथेच अडकल्या. इतक्या की वाणाची वाटी ओट्यावर विसरून आल्या. दुसऱ्या दिवशी वाटी आणायच्या निमित्तानं ती दारं त्यांनी पुन्हा एकदा पाहून घेतली. सुकदेवला यातलं काही सांगितलं नाही. नवऱ्याला सगळंच सांगायचं नसतं.

सुकदेव निवृत्त झाला त्याच साली धुळ्याला देवपुरात त्यांचं घर उभं राहिलं. माणूस तसा भला, पण घर बांधायला काढलं की भल्या माणसाचाही बादशहा होतो. नकाशा त्यानं ठरवला, जिना त्यानं फिरवला, बोअर कुठे घ्यायची तेही त्यानंच नारळ हातावर धरून शोधलं. बायकोला एकदाच विचारलं, फाटकाला रंग कोणता द्यायचा. ती म्हणाली हिरवा. फाटक निळं झालं.

त्या दिवशी झुंबरबाई निळ्या फाटकाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग आत येऊन नवऱ्यापुढे उभ्या ठाकल्या.

"आयकतस का? घर बठ्ठं तुमनं. जिना तुमना, फाटक तुमनं. स्वयंपाकघर मनं. तठे मी सांगसू तसंच व्हई."

सुकदेव पेपर वाचत होता. "व्हऊ दे ना," म्हणाला. पेपर वाचणारा माणूस कशालाही हो म्हणतो, हे झुंबरबाईंना लग्नापासून माहीत होतं, म्हणून तर त्यांनी ती वेळ धरली होती.

पण दिल्ह्याच्या कपाटांची गोष्ट निघाली तेव्हा बादशहा पुन्हा जागा झाला. ते दिवस सनमायकाचे होते. देवपुरात ज्याच्या त्याच्या घरात सनमायका. समोरच्या सुनंदाबाईंनी तर वांग्याच्या रंगाचा लावला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात तोंड पाहायला लावत. सुकदेव सनमायकाचे नमुने घेऊन आला. पत्त्यांसारखे पिसून त्यानं ते जेवणाच्या ताटाशेजारी मांडले. झुंबरबाईंनी एकेक नखानं वाजवून पाहिला.

"हाई लाकूड नही," त्या म्हणाल्या. "हाई लाकडानं चित्र शे."

"पुसाले सोपं पडस. तुन्हा त्या उठावाना कडास्मा धूळ बठी ना!"

"बठू द्या. मी पुससू. आजलोंग दुसराना घरनी राख पुशी, आते मना घरनी धूळ पुससू."

 सुकदेव नमुने गोळा करून उठला, पण हार मानली असं मात्र म्हणाला नाही. पुरुषांना नमुने गोळा करता येतात, हार मानता येत नाही.

पुना मिस्तरी गल्लीतल्या सगळ्या घरांची कामं करी. हात चांगला, जीभ त्याहून चांगली, आणि सनमायका चिकटवून चिकटवून अंगात आलेला आळसही चांगलाच. दिल्ह्याचं नाव काढताच त्यानं कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली.

"वयनी, दिल्हा आते कोन करस? चौकटले खाच पाडा, फळी चारी आंगे उतार करीसन रंधा, मंग ती खाचमा बसाडा. एका दारमा चार दारंसनी मेहनत. आन तुमले जसा जोयजे तसा मी देखेलबी नही."

झुंबरबाईंना कागदावर चित्र काढता येत नव्हतं. त्या उठल्या. परातीत कणीक घेतली, घट्ट मळली, पाटावर थापली. सुरीनं चार बाजू सरळ कापल्या. मग अंगठ्यानं कडा दाबत दाबत उतार काढला, मधला भाग वर ठेवला, आणि हाताशी असलेल्या उलथन्यानं तो सपाट केला. बाजूनं कणकेच्या चार पट्ट्या लावून चौकट बसवली. पुना मिस्तरी उकिडवा बसून बघत होता.

"हाऊ उतार बोटभर. जास्त नही," झुंबरबाई म्हणाल्या. "हात फिरावा ते कोठेच टोचाले नको."

मिस्तरीनं कणकेच्या दिल्ह्यावरून अंगठा फिरवला. मग चहा मागितला. मग पाटासकट तो नमुनाच उचलून घेऊन गेला. पुढे महिनाभर त्याच्या कामाच्या जागी तो वाळून दगड झालेला दिल्हा खिडकीत ठेवलेला असे आणि उंदरांनी एक कोपरा खाल्ला तरी माप घ्यायला पुरत होता. पाट मात्र झुंबरबाईंना तीन वेळा मागावा लागला.

सागवानाची फळी वखारीतून झुंबरबाईंनी स्वतः निवडली. वखारवाला सुकदेवकडे बघून बोलायचा आणि उत्तर झुंबरबाई द्यायच्या. गाठीची फळी त्यांनी बाजूला काढली, पांढरट काठाची काढली, आणि एक तर नुसता वास घेऊन परत केली. सुकदेव छत्री घेऊन बाजूला उभा होता. घरी आल्यावर त्यानं शेजारी सांगितलं की फळी आम्ही पारखून आणली.

आषाढ सरता सरता कपाटं बसली. ओट्याखाली बसली, ओट्यावर बसली, आणि खिडकीशेजारी एका पल्ल्याचं, म्हणजे एकाच दाराचं, उभं कपाट बसलं, त्याच्या वरच्या अर्ध्यात सगळ्यात मोठा दिल्हा. पॉलिश तेवढं राहिलं. पावसाळी हवेत पॉलिश पांढरं पडतं, दिवाळीनंतर मारू, असं मिस्तरी म्हणाला. म्हणून लाकूड तसंच कोरं होतं. झुंबरबाई सकाळी उठल्या की आधी स्वयंपाकघरात जात आणि उगीचच एखादं दार उघडून मिटत. दार मिटताना 'टप्' असा बेताचा आवाज येई. त्या आवाजानं त्यांना इतका आनंद होई की एकट्याच हसत.

आणि नेमकी कानबाई आली.

श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. भाऊबंदकी एका घरी जमते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजत गाजत नदीवर जायचं. काही घराण्यांत मानाचं एक जुनं नारळ असतं, ते पिढ्यान् पिढ्या सांभाळतात. झुंबरबाईंच्या सासरचं मानाचं नारळ गावी थोरल्या जाऊबाईंकडे, भिकुबाईंकडे होतं. भिकुबाई म्हणजे घराण्याचं कोर्ट. नैवेद्याचे रोट कसे करायचे, कुणी आधी ओवाळायचं, कुणाच्या हातचं चालेल, सगळा निकाल त्यांचा, आणि त्यावर अपील नाही. यंदा त्यांनीच निरोप धाडला होता की नवं घर झालं आहे, आई यंदा तिकडे बसवू.

झुंबरबाईंना एकीकडे अभिमान वाटला आणि दुसरीकडे धास्ती. या माणसांपुढे त्या नेहमी धाकटी जाऊ होत्या, सांगितलेलं काम करणारी. आता ही सगळी त्यांच्या घरी येणार आणि त्यांनी स्वतःच्या मनानं केलेली एकमेव गोष्ट उघड्या डोळ्यांनी बघणार.

शुक्रवारी भिकुबाई आल्या, बरोबर चार जावा-नणंदा आणि फडक्यात गुंडाळलेलं नारळ. झुंबरबाई गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, आणि पूजेचं सामान आणायला बाजारात गेल्या होत्या. त्या परतल्या तेव्हा मागच्या दारातून पाण्याचा लोट अंगणात येत होता.

कानबाईच्या आधी घरातलं भांडंकुंडं, पाट, फळी, सगळं धुऊन काढायचं ही रीत. धुतल्याशिवाय आईला चालत नाही. गावी लाकडी दारंसुद्धा ओढ्यावर नेऊन घासतात. भिकुबाईंनी पदर खोचला होता, जावांनी बादल्या धरल्या होत्या, आणि नव्या कोऱ्या सागवानी कपाटांना, प्रत्येक दिल्ह्याला, आतून बाहेरून, सोड्याच्या पाण्यानं न्हाऊमाखू घातलं होतं. दारांच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं.

"देख वं झुंबर," भिकुबाई अभिमानानं म्हणाल्या, "मिस्तरीसना हात, बिडीसना हात, बठ्ठं धवाई गयं. आते आईले बठाले चोखी जागा शे."

झुंबरबाईंना रडू येत होतं. पण समोर भिजलेल्या लुगड्यांतल्या पाच बायका शाबासकीच्या आशेनं बघत होत्या. कंबर धरून त्यांनी ते काम केलं होतं. झुंबरबाई म्हणाल्या, "च्या ठेवू का?"

भिकुबाईंनी नारळासाठी सगळ्यात स्वच्छ जागा निवडली, ती म्हणजे ते उभं कपाट. खालच्या फळीवर साखरेचा मोठा डबा होता, वरच्या फळीवर त्यांनी नारळ ठेवलं. दार मिटायला जरा जड गेलं, तर त्यांनी दोन्ही तळवे लावून जोरानं दाबलं. या वेळी 'टप्' असा आवाज आला नाही.

शनिवारी दिवसभर पाऊस लागून राहिला. घरात ओले कपडे वाळत होते, पुरण शिजत होतं, वाफ कोंडली होती. ज्या दारांनी पाणी प्यायलं होतं त्यांनी वाफही पिऊन घेतली.

रविवारी चौरंग मांडला, केळीचे खांब बांधले, वाजंत्री ओसरीत येऊन बसली. बाहेरच्या खोलीत भाऊबंद दाटीवाटीनं बसले. भिकुबाई सोवळ्यानं नारळ आणायला गेल्या आणि त्यांनी कपाटाची मूठ ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी पितळी मूठ हातात आली आणि भिकुबाई मूठ घेऊन खाली बसल्या. एक नणंद फिस्सकन हसली आणि लगेच पदर तोंडात कोंबला.

मग पुरुष आले. एकानं सुरी घातली, सुरी वाकली. एकानं दाराला लाथ द्यायचं सुचवलं, पण आत आई आहे म्हटल्यावर त्यानं स्वतःचेच कान धरले. पुना मिस्तरी त्याच्या गावी त्याच्या कानबाईला गेला होता. आणि सुकदेव, ज्याची गेले दोन महिने जिभेवर आलेली गोष्ट बाहेर पडायची राहिली होती, तो म्हणाला, "मी पयलेच सांगं व्हतं, सनमायका लाव. सनमायका फुगस का?" सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला. आणि मागच्या अंगणातून पहार घेऊन आला.

झुंबरबाई दाराशी उभ्या होत्या. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांना राग आला, लाज वाटली आणि भीतीही वाटली. देवी आत कोंडली आहे आणि आपल्याला लाकडाची पडली आहे, हे मनात आल्यावर त्यांनी स्वतःलाच दोष दिला. एक कपाट ते काय. पण ते एक कपाट नव्हतं, त्यांना चांगलं ठाऊक होतं. ते फुटलं की पुढे प्रत्येक कानबाईला, प्रत्येक लग्नात हीच कथा निघणार होती, झुंबरला एकदा विचारलं आणि काय झालं बघा. मग त्यांना पुन्हा कुणी काही विचारणार नव्हतं.

"तोडा," त्या म्हणाल्या. "तोडा, आईपेक्षा काय जास्त शे?"

सुकदेवनं पहार फटीला लावली. आणि भिकुबाई, ज्या अजून हातात मूठ धरून होत्या, उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ठेव ती पहार."

"वयनी, पन आई..."

"ठेव सांगस ना! पानी कोनी टाकं? मी टाकं. दार कोनी दाबं? मी दाबं. आन फोडानं काय, तिन्हं कपाट? तिनी कधी काही मांगं का आपलाकडे? सांग ना, कधी मांगं?"

 सुकदेवनं पहार खाली घेतली. भिकुबाईंनी वळून दाराकडे पाहिलं. चौकट पाण्यानं फुगून घट्ट बसली होती, पण मधला दिल्हा जसाच्या तसा होता, कुठे चीर नाही, कुठे वाक नाही. त्यांनी त्यावर हात ठेवला. उतारावरून अंगठा खाली आला, झुंबरबाईंनी बंगल्यावर फिरवला होता तसाच, आणि तिथेच थांबला.

"आई जठे बठनी तठे बठनी," भिकुबाई म्हणाल्या. "दार लाईसन बठनी, तिनी मर्जी. चौरंग आठे आना. खांब आठे बांधा."

कोर्टाचा निकाल लागला होता. चौरंग स्वयंपाकघरात आला, केळीचे खांब कपाटाच्या दोन्ही बाजूंना बांधले. भिकुबाईंनी दिल्ह्याला हळद लावली, कुंकू लावलं, मेणानं चांदीचे डोळे चिकटवले, आणि मूठ निघालेल्या भोकात काडी खोचून तिला नथ अडकवली. मधोमध उठून आलेल्या त्या पिवळ्या सागवानावर डोळे आणि नथ चढली तेव्हा बायकांनी आपसूक हात जोडले. आई खरोखरच बघत होती.

मग जी गंमत झाली ती देवपुरात बरीच वर्षं सांगत. ज्या पुरुषांनी त्या दिवसापर्यंत पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता, ते सगळे ओट्याशी, धान्याच्या कोठीला टेकून, गॅसच्या सिलिंडरवर मांडी ठोकून बसले. भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्या हिलाल आबांच्या पगडीला टांगलेला झारा लागत होता. बायका गात होत्या आणि गाता गाता खापरावरचे मांडे उलटत होत्या. ज्याला त्याला दिल्हे दिसत होते, कारण दुसरीकडे पाहायला जागाच नव्हती. कुणी हात फिरवून पाहिला, कुणी विचारलं लाकूड कुठलं. आणि सुकदेव प्रत्येकाला सांगत होता, "मंडळीनी निवडं. मी सनमायका आनी राहिंतू, तिनी आयकं नही." या वेळी त्यात तक्रार नव्हती. झुंबरबाईंनी ते ऐकलं आणि मांडा जरा जास्त भाजला गेला.

सोमवारी चौरंगावर मांडलेलं दुसरं, नवं नारळ वाजत गाजत पांझरा नदीवर गेलं. मानाचं नारळ आत राहिलं, साखरेच्या डब्यासह. भिकुबाईंनी जाताना दटावून सांगितलं, दाराला कुणी ओढायचं नाही, त्याचं ते उघडेल. सुकदेवनं नवी साखर आणली.

पाऊस गेला, दसरा गेला, दिवाळी झाली. कोरडी थंडी सुरू झाली तेव्हा पुना मिस्तरी पॉलिश घेऊन हजर झाला. उभ्या कपाटाशी आला आणि पल्ल्याला बोट लावलं, तर पल्ला हलका हलला.

"वयनी, मोकळं व्हयनं. उघडू का?"

"हात लावू नका," झुंबरबाई म्हणाल्या आणि गावी निरोप धाडला.

भिकुबाई दुसऱ्या दिवशी आल्या. नारळ परत न्यायला फडकं घेऊन आल्या होत्या. नारळ पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घरी होतं, त्यांच्या सासूनं त्यांच्या ओटीत घातलं होतं. त्यांनी पाय धुतले आणि दार ओढलं. ते सहज उघडलं. आत नारळ होतं तसं होतं, स्वच्छ, कोरडं, राखेचा-धुळीचा कण नाही.  हातातलं फडकं भिकुबाईंनी उलगडलं, नारळाखाली नीट अंथरलं, आणि नारळ त्यावरच ठेवलं.

मग त्यांनी दार मिटलं, हळूच. टप्.

मिस्तरी पॉलिशपेपर घेऊन पुढे सरकला. दिल्ह्यावर हळदीचे डाग होते, लाकडाच्या रेषांत मुरलेले. "हाई पयले घासनं पडी," तो म्हणाला.

"काही घासू नको," भिकुबाई म्हणाल्या. "वरथूनच मार." आणि झुंबरबाईंकडे न पाहता, डोळ्यांना पदर लावत, पुढे म्हणाल्या, "पुढला सालले माले आवतन दे वं झुंबर. तुन्हाकडे येसू."